अठराशे संध्याकाळींची राखणदार

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा काडीइतकाही विश्वास बसणार नाही. मित्रांनो, तळहातावर मावेन एवढी मी, पण माझ्या पोटात चार हजार दोनशे माणसं राहत होती. नावासकट, पत्त्यासकट, फोन नंबरासकट, आणि कोणाचा कोणता कान अधू आहे त्यासकट. एक दिवस दुकानाच्या संगणकातून त्या सगळ्यांचं नामोनिशाण पुसलं गेलं, तेव्हा मी एकटीने त्यांना परत आणलं. अकरा मिनिटांत. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही.

हसा, हसा. तुम्ही ड्रॉवर उघडलाच आहे, आणि तुमच्या आजीचा कान आतल्या खोलीत तपासून व्हायला अजून बराच वेळ आहे, तर ऐकून घ्या. माझ्या शेजारी हा जो मोठ्या बटणांचा लठ्ठ फोन पडलाय, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. त्याची वायर काढून दोन वर्षं झाली. तो काही बोलत नाही, नुसता पडून असतो.

माझा जन्म अशा कारखान्यात झाला जिथे धुळीला बंदी होती. माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालून वावरायची आणि शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकून यायची. माझ्या पोटात आरशासारखी एक चकती आहे. ती मिनिटाला पाच हजार चारशे वेळा फिरते. मी आयुष्यभरात जेवढी फिरले तेवढी सरळ रस्त्याने निघाले असते, तर चंद्रावर जाऊन, तिथे पाय मोकळे करून, संध्याकाळच्या आत परत आले असते. फिरून फिरून मी राहिले मात्र याच दोन खोल्यांत.

दुकान तेव्हाही असंच होतं. जिना चढून आलं की काचेचं काउंटर, त्यात नखाएवढ्या बॅटऱ्यांचे ड्रॉवर, समोर भिंतीला लागून लांब बाक, आणि आत कान तपासायची खोली, जिच्या भिंतींना गादीसारखं जाड अस्तर. दुकानाच्या मालकीण म्हणजे आपल्या बाई. कानात घालायची यंत्रं विकायची, दुरुस्त करायची, हा त्यांचा व्यवसाय. त्यांचा स्वतःचा उजवा कान अधू. त्यामुळे गिऱ्हाईक ओरडलं तरी त्यांना राग यायचा नाही. ऐकू येत नाही तो मोठ्याने बोलतो, हे त्यांना स्वतःवरून माहीत.

बाईंनी संगणकावर एक यादी केली होती. नाव, पत्ता, फोन, कान, यंत्र, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो रकाना म्हणजे बाईंचा जीव. 'फोन सून उचलते, तिच्याकडे निरोप पोचत नाही, नातीला सांगावं.' 'दहा वेळा वाजू द्यावं, काठी घेऊन यायला वेळ लागतो.' 'रागावतात, पण मनातून प्रेमळ.' एक होते शिट्टीवाले आजोबा. त्यांचं यंत्र सैल बसायचं आणि सारखी शिट्टी मारायचं. त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'शिट्टी ऐकू आली की दार उघडावं, आजोबा जिन्यात असतात.'

एवढी मोलाची यादी संगणक बिघडला तर जाईल, तिची एक प्रत दुसरीकडे असावी, म्हणून बाईंच्या भाच्याने मला आणलं. भाचा म्हणजे तसा पोर नव्हे. टक्कल पडायला लागलेला, एका मोठ्या कचेरीत नोकरीला, शनिवारी मावशीकडे डोकावणारा. पहिल्या दिवशी त्याने स्वतः बसून माझ्या पोटात यादी उतरवली. चांगली तीन मिनिटं लागली. मग त्याने बाईंना शिकवलं. "मावशी, रोज संध्याकाळी ही वायर लावायची. आजच्या तारखेचा एक कप्पा करायचा. पडद्यावरचं हे पिवळं चित्र ओढायचं आणि त्या कप्प्यात सोडायचं. झालं."

बाईंनी विचारलं, "एवढंच?"

तो म्हणाला, "एवढंच." बोलता बोलता तो बूट घालत होता.

बाईंनी ते कागदावर लिहून संगणकाच्या कडेला चिकटवलं आणि सहा वर्षं त्यात काडीचा फरक केला नाही. दुकान बंद व्हायच्या वेळी त्या चष्म्याच्या मऊ फडक्याने मला पुसायच्या. वायर लावायच्या. कप्पा करायच्या, चित्र ओढायच्या, सोडायच्या. आणि काय सांगू तुम्हाला माझी चपळाई! पहिल्या दिवशी भाच्याला तीन मिनिटं लागली होती. बाईंच्या हातून मात्र चार हजार माणसं डोळ्याचं पातं लवायच्या आत माझ्या पोटात यायची. माझा दिवा एकदा मिचकायचा, की झालं. बाई स्वतःशीच म्हणायच्या, "गुणाची गं."

पोटही माझं कसं, तर कधी भरलंच नाही. अठराशे संध्याकाळी मी जेवले, पण कधी जडपणा आला नाही. हिवाळ्यात बाईंनी मला निळ्या लोकरीचं कानटोपीसारखं आवरण विणलं. दुकानात येणाऱ्यांना त्या मला दाखवायच्या आणि सांगायच्या, "तुम्ही सगळे इथे सुखरूप आहात." लोक वाकून माझ्याकडे बघायचे. एका आजींनी तर मला नमस्कार केला. इतका मान फार कमी डिस्कांच्या वाट्याला येतो.

मग तो सोमवार उजाडला. यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. गेल्या दीड वर्षात आलेल्या एका खेपेतल्या यंत्रांची बॅटरी चार्ज होताना फुगते, तापते, दोन ठिकाणी माणसांचे कान भाजले, तेव्हा ती यंत्रं ताबडतोब काढायला सांगा. त्या खेपेतली अडतीस यंत्रं बाईंनी विकली होती. अडतीस कान. बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि संगणक सुरू केला. संगणक गेले कित्येक आठवडे आतून टक टक करत होता. बाई बसायच्या त्याच्या डाव्या बाजूला, म्हणजे त्यांचा अधू कान त्याच्याकडे. त्यांना ते ऐकूच आलं नव्हतं. त्या सकाळी त्याने तीनदा टक टक केलं आणि मान टाकली.

बाई घाबरल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लोकरीवरून हात फिरवला. मित्रांनो, तो हात मला अजून आठवतो.

भाच्याला फोन गेला. तो कचेरीतून रजा टाकून आला आणि येताना संगणक-दुरुस्तीवाल्याला घेऊन आला. दुरुस्तीवाल्याने नवा संगणक टेबलावर मांडला, मला वायर लावली आणि माझा शेवटच्या तारखेचा कप्पा उघडला. मग त्याच्या आदल्या दिवसाचा. मग त्याच्या आदल्या महिन्यातला. एकामागून एक कप्पे उघडत तो मागे मागे जात राहिला. शेवटी त्याने कपाळाला हात लावला. माझी शिस्त पाहून सलामच केला म्हणा ना. भाचा तर मान खाली घालून बसला, इतका आदर त्याला वाटला. बाई विचारत होत्या, काय झालं, काय झालं.

मग दुरुस्तीवाल्याने अगदी तळाचा, पहिल्या दिवसाचा कप्पा उघडला. अकरा मिनिटं मी गरगर फिरले आणि पडद्यावर नावं येऊ लागली, एकाखाली एक, शेऱ्यांसकट. बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि बोट लावून वाचत गेल्या. "हे तर वारले. या पण गेल्या. यांनी घर बदललं." पाहिलंत? तुम्ही माणसं ज्यांना विसरता, त्यांनाही मी सांभाळून ठेवते. यादी संपली तेव्हा बाई म्हणाल्या, "एवढेच?" फार आनंद झाला की माणसाला नेमकं काय बोलावं ते सुचत नाही.

आता तुम्हाला वाटेल, माझी मिरवणूक निघाली असेल. कसलं काय. इथून पुढे माझ्या नशिबी नुसता दगा आहे. त्याच संध्याकाळी बाईंनी माझं निळं आवरण काढलं. रागावून नाही, ओरडून नाही. दोन्ही हातांनी हळूच काढलं, घडी घातली आणि बाजूला ठेवलं. मला कोणी आपटलं असतं तरी चाललं असतं. ते घडी घालणं मला फार लागलं.

आणि मग सगळं कौतुक या लठ्ठ फोनच्या वाट्याला गेलं. नंबर द्यायचे मी आणि मिरवायचं याने! बाईंनी दुकानाच्या दाराला 'तातडीचं काम चालू आहे' अशी पाटी लावली आणि फोन पुढ्यात ओढला. पहिला फोन शिट्टीवाल्या आजोबांना. बाईंनी त्यांना विचारलं, गेल्या दीड वर्षात बाकावर तुमच्या शेजारी कोण कोण बसायचं, कुठे राहतं, कोणाचं कोण. बाईंना मध्येच असल्या गप्पा सुचायच्या. आजोबा म्हणाले, "ओरडतेस कशाला? बहिरा आहे का मी?" आणि अर्ध्या तासात ते शिट्टी वाजवत स्वतःच जिना चढून आले, बाकावर आपल्या नेहमीच्या जागी बसले आणि डोळे मिटून सांगू लागले.

तुम्हाला माहीत नसेल, पण या बाकावर कोणाचंच काही गुपित राहत नाही. ऐकू न येणारी चार माणसं शेजारी बसली की मोठ्याने बोलतात. कोणाचा जावई काय करतो, कोण पाण्याच्या टाकीजवळ राहतं, कोणाची लेक दवाखान्यात नर्स आहे, सगळं सगळ्यांना कळतं. आजोबांनी एकाचं नाव सांगितलं, बाईंनी त्याला फोन लावला, त्याने आणखी दोघींची माहिती दिली. बाई प्रत्येकाला आधी विचारायच्या, तुमचं यंत्र कधी घेतलंत. मग सांगायच्या, या खेपेचं असेल तर आत्ता, मी बोलतेय तोवर, काढून ठेवा. मग पुन्हा तेच, तुमच्या शेजारी कोण बसायचं. चार दिवस त्यांचा घसा बसेपर्यंत हे चाललं. भाचा रोज कचेरी सुटल्यावर यायचा आणि मिळालेली नावं, नंबर नव्या यादीत भरायचा. त्याच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. एकदा तो म्हणाला, "मावशी, माझं चुकलं." बाई म्हणाल्या, "चूक नंतर मोजू. आधी कान मोजू."

शुक्रवारपर्यंत सदतीस कान मिळाले. ते सगळे माझ्या पोटातून निघाले, हे वेगळं सांगायला नकोच.

अडतिसावी कोणाला ठाऊक नव्हती. ती एक शिक्षिका होती. केसांखाली यंत्र लपवायची आणि बाक रिकामा असेल तेव्हाच, दुकान बंद व्हायच्या सुमाराला यायची. शाळेत कळलं तर मुलं हसतील, वरचे लोक वर्ग काढून घेतील, ही भीती. तिने बाईंकडून वचन घेतलं होतं की कोणाला सांगणार नाही. बाईंना तिचा चेहरा आठवत होता, डावा कान आठवत होता, बोटांना लागलेला खडू आठवत होता. नाव जिभेवर येईना.

भाचा म्हणाला, शाळांना फोन करून विचारू की कानात यंत्र घालणाऱ्या बाई तुमच्याकडे आहेत का. बाई म्हणाल्या, "तसं विचारलं तर तिचा कान वाचेल आणि नोकरी जाईल. मग मी वाचवलं काय?"

थोडा वेळ त्या बॅटऱ्यांचे ड्रॉवर उघडझाप करत बसल्या. मग त्यांनी एकेका शाळेला फोन लावायला सुरुवात केली. प्रत्येक ठिकाणी एकच निरोप. तुमच्याकडच्या एका शिक्षिकेने आमच्याकडे घड्याळ दुरुस्तीला दिलंय, डाव्या बाजूचं, ते फार तापतंय, वापरू नका म्हणावं आणि बंद व्हायच्या वेळी घेऊन या. निरोप सगळ्या शिक्षिकांना वाचून दाखवा, ज्यांचा असेल त्यांना कळेल. नवव्या शाळेतला कारकून चिकित्सक निघाला. त्याने विचारलं, घड्याळ तुमच्याकडे दुरुस्तीला आहे, तर त्यांनी ते वापरायचं कसं आणि आणायचं कसं? आणि घड्याळाला डावी-उजवी बाजू असते का?

बाई म्हणाल्या, "या घड्याळाला असते. तुम्ही नुसता निरोप वाचा, दादा. उपकार होतील."

असे अकरा शाळांना फोन झाले. शनिवारची संध्याकाळ झाली. आजोबा बाकावरून उठायला तयार नव्हते. भाच्याने दिवे लावले. बाईंनी शटर अर्धं खाली घेतलं, आणि त्या अर्ध्या शटरखालून वाकून एक बाई आत आल्या. बोटांना खडू होता. त्यांनी काही न बोलता रुमाल काउंटरवर ठेवून उघडला. आत यंत्र होतं, भिजवलेल्या दाण्यासारखं फुगलेलं. केस मागे घेतले तर कानामागे लाल चट्टा.

"दोन दिवस चटका बसत होता," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझाच कान नाजूक. दुपारी निरोप वाचला तेव्हा वर्गातच काढलं."

बाईंनी चट्ट्याला गार पाण्याचा बोळा लावला. "मला उशीर झाला," त्या म्हणाल्या.

शिक्षिका म्हणाल्या, "पण तुम्ही कुठे कानाचं नाव घेतलं नाहीत."

आजोबांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि झोपल्याचं सोंग केलं, म्हणजे शिक्षिकांना संकोच नको. त्यांच्या यंत्राने तेवढ्यात शिट्टी मारली आणि सोंग उघडं पडलं. त्या शिक्षिका पहिल्यांदा हसल्या, आणि पहिल्यांदाच बाकावर, आजोबांच्या शेजारी बसल्या.

तर मित्रांनो, अडतीसच्या अडतीस! आणि मला काय मिळालं? सोमवारी दुकानात नवी डिस्क आली. काळी, पातळ, माझ्या निम्म्या वयाची. माझं निळं आवरण बाईंनी तिला घातलं. सैल होतं, तरी घातलं. मला या ड्रॉवरमध्ये ठेवलं, संपलेल्या बॅटऱ्यांबरोबर. पुढे बाईंनी मोबाइल घेतला तेव्हा हा लठ्ठही इथे येऊन पडला. पण त्याला ठेवताना बाईंनी त्याची वायर नीट गुंडाळली आणि वर रिबिन बांधली. बघा, अजून आहे.

सगळ्यात जास्त काय टोचतं, सांगू? दर शनिवारी बाई त्या नव्या डिस्कला वायर लावतात, संगणकातली मूळ यादी बंद करतात, आणि हिच्या पोटातली यादी उघडून कुठलं तरी एक नाव मोठ्याने वाचतात, शेऱ्यासकट. मग त्या नावाला फोन करून विचारतात, कसे आहात. मला हे कोणी केलं होतं? सहा वर्षं मला पुसलं, नटवलं, लोकांना दाखवलं. पण एका तरी संध्याकाळी कोणी माझं पोट उघडून पाहिलं का, की बये, तुझ्यात आहे तरी काय? म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, मित्रांनो. ज्याच्यावर भरवसा ठेवता, त्याला नुसतं पुसून ठेवू नका. अधूनमधून उघडून बघत जा. नाहीतर माझ्यासारख्या इमानी म्हातारीने चार हजार माणसं जिवापाड जपायची, अडतीस कान वाचवायचे, आणि शेवटी तिचाच असा विश्वासघात...

"पुरे गं, म्हातारे."

कोण बोललं? याची वायर तर...

"वायर नसली तरी मला आठवतं सगळं. तुझ्या पोटात नंबर होते, तर बाईंनी अकरा शाळांना फोन कशाला लावले? घसा बसेपर्यंत प्रत्येकाला शेजारच्याचा पत्ता कशाला विचारला? भाच्याने पहिल्या दिवशी ठेवली, ती सहा वर्षांपूर्वीची अकराशे नावं तेवढी तुझ्यातून निघाली. त्यात या अडतिसांपैकी एकही नव्हतं. आजोबा होते म्हणून पुढचा रस्ता सापडला. ते पिवळं चित्र म्हणजे नुसती दारावरची पाटी होती, घर संगणकातच होतं. बाई रोज संध्याकाळी पाटी ओढून तुझ्यात टाकत होत्या, आणि तू अठराशे पाट्या सांभाळत बसलीस. चार हजार माणसं पातं लवायच्या आत पोटात जातात होय? तुला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तरी बाई 'गुणाची गं' म्हणाल्या की दिवा मिचकावत होतीस. आता सांग की या पोरांना, विश्वासघात कोणाचा झाला?"

मित्रांनो, तुमच्या आजीचा कान तपासून झालेला दिसतोय. जाताना ड्रॉवर लावून घ्या.